बैलघोडा हॉस्पिटल ते जोगेश्वरीचा तबेला: मुंबईत घोड्यावर उपचार कसे होतात?

परळमधल्या जनावरांच्या रुग्णालयाचे अधिकृत नाव 'बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर अ‍ॅनिमल्स' असे आहे. मात्र मुंबईकर त्याला पिढ्यान्‌पिढ्या 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणत आले आहेत. शहराची मालवाहतूक बैलांच्या आणि प्रवासी वाहतूक घोड्यांच्या जिवावर चालत होती, त्या काळाची आठवण या नावात आहे. आता रस्त्यावरचे बैल गेले, व्हिक्टोरिया गेल्या. तरीही वरातीची घोडी, रेसकोर्सवरचे घोडे, रपेटीचे घोडे आणि निवृत्त होऊन कुठेतरी बांधून ठेवलेले घोडे मुंबईत आहेत. त्यांपैकी एखादा जोगेश्वरीच्या तबेल्यात रात्री अकरा वाजता पोटदुखीने लोळू लागला, तर पुढचे काही तास त्याचे जगणे-मरणे ठरवतात. घोड्यावरचे उपचार इतर जनावरांपेक्षा वेगळे का असतात, मोठ्या जनावरांच्या रुग्णालयात नेमके काय केले जाते आणि घोडा तिथे पोहोचण्याआधी काय व्हायला हवे, याची ही माहिती.

मुंबईत घोड्यांचे रुग्णालय का उभे राहिले?

१८७४ हे वर्ष मुंबईच्या घोड्यांसाठी दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ९ मे रोजी शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती चालवणाऱ्या 'स्टर्न्स अँड किटरेज' कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते. त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी 'बॉम्बे एसपीसीए' ही संस्था स्थापन झाली. ओझ्याने लंगडणारे बैल, खांद्याला जखमा झालेले घोडे आणि उन्हात कोसळणारी जनावरे हे तेव्हाचे रोजचे दृश्य होते. मालकाला दंड करून जनावर बरे होत नाही. त्याला ठेवण्यासाठी आणि उपचारासाठी जागा लागते. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने, १८८०च्या दशकात परळला हे रुग्णालय उभे राहिले.

याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जेम्स हेन्री स्टील हे घोड्यांच्या आजाराच्या संशोधनातले मोठे नाव होते. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माईल खान येथे घोडे आणि उंटांच्या रक्तात 'सरा' या आजाराचा परजीवी पाहिला होता. स्टील यांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशातल्या खेचरांमध्ये तोच परजीवी शोधला आणि त्याला इव्हान्स यांचे नाव दिले. आज हा परजीवी 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी' म्हणून ओळखला जातो.

घोड्यांची ट्राम १९०५ मध्ये बंद झाली आणि १९०७ पासून विजेवरची ट्राम धावू लागली. पुढे मोटारी आल्या. व्हिक्टोरिया मात्र पर्यटकांसाठी टिकून राहिल्या. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेसाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करण्याचा आदेश दिला. शहरातल्या तबेल्यांच्या परवान्यांचा आणि घोड्यांच्या राहणीचा प्रश्नही त्या निकालात चर्चेला आला होता.

आज उपनगरातल्या घोड्यासाठी कोणती सोय आहे?

मुंबईतल्या घोड्यांचे वैद्यकीयदृष्ट्या दोन गट पडतात. पहिला महालक्ष्मी रेसकोर्सवरचा. तिथे घोड्यांच्या डॉक्टरांची स्वतंत्र व्यवस्था असते, नालबंद असतात, मोतद्दार चोवीस तास जवळ असतो. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईचा आणि पावसाळ्यात पुण्याचा हंगाम असल्याने या घोड्यांची ने-आण आणि तपासणी ठरलेल्या पद्धतीने होते.

दुसरा गट विखुरलेला आहे. वरातीसाठी, चित्रीकरणासाठी किंवा रपेटीसाठी ठेवलेले एक-दोन घोडे उपनगरात कुठेही असू शकतात. जोगेश्वरीच्या पूर्वेला लागूनच आरे आहे. १९४९ मध्ये वसवलेल्या या दुग्धवसाहतीत म्हशींचे गोठे आहेत आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे गोरेगावचे आवारही आहे. त्यामुळे या पट्ट्याला मोठ्या जनावरांचे डॉक्टर अनोळखी नाहीत. पण म्हशींवर रोज उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे घोडा क्वचित येतो. शहरातले बहुतेक खासगी दवाखाने कुत्र्या-मांजरांचे आहेत. २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे सुरू झालेले टाटा ट्रस्टचे अद्ययावत रुग्णालयही लहान प्राण्यांसाठीच आहे. आडव्या पडलेल्या चारशे किलोच्या जनावराला उचलणे, बांधणे, भूल देणे यासाठी वेगळी जागा आणि वेगळी माणसे लागतात. म्हणूनच पश्चिम उपनगरातला घोडा गंभीर आजारी पडला की अजूनही परळचाच विचार होतो. तिथे जायचे तर पंधरा-वीस किलोमीटरचा मुंबईतला रस्ता आणि घोडा चढू शकेल असे वाहन, या दोन अडचणी समोर असतात.

घोड्याचे शरीर वेगळे कसे?

गाय-म्हैस आणि घोडा दोघेही गवत खातात, पण ते पचवण्याची पद्धत वेगळी आहे. गाईचे पोट चार कप्प्यांचे असते आणि ती रवंथ करते. घोड्याचे जठर एकच आणि शरीराच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे असते. त्याच्या पुढे सुमारे वीस मीटर लांबीचे लहान आतडे आणि मग अवाढव्य मोठे आतडे येते. गवत कुजवून त्यातून ऊर्जा काढण्याचे काम या मोठ्या आतड्यात चालते. हे आतडे पोटात घडी घालून बसलेले असते, बऱ्याच भागात ते सैल असते आणि काही ठिकाणी त्याचा व्यास अचानक कमी होतो. त्यामुळे ते तुंबू शकते, वायूने फुगू शकते आणि स्वतःभोवती पिळूही शकते.

दुसरी गोष्ट अधिक धोकादायक आहे. घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की जठरातले काही वर येत नाही. आतडे अडले आणि जठरात द्रव साठत गेला, तर तो बाहेर पडायला वाट नसते. वेळेत नळी घालून तो काढला नाही तर जठर फुटते आणि मग कोणताही उपाय चालत नाही.

तिसरी गोष्ट वजनाची. घोड्याचा सगळा भार चार बारीक पायांवर असतो. तो फार काळ एका कुशीवर पडून राहिला तर खालच्या बाजूचे स्नायू दबून निकामी होऊ लागतात, फुफ्फुसांना हवा नीट मिळत नाही. माणसाला पाय मोडल्यावर सहा आठवडे झोपवून ठेवता येते, घोड्याला येत नाही. शिवाय तो स्वभावतः पळून जीव वाचवणारा प्राणी असल्याने वेदनेत किंवा भीतीत स्वतःला आणि जवळच्या माणसाला इजा करू शकतो.

पोटशूळ कसा ओळखावा?

घोड्याच्या पोटदुखीला पोटशूळ किंवा इंग्रजी शब्दावरून 'कॉलिक' म्हणतात. पोटशूळ हे लक्षण आहे. त्यामागे साधा वायू असू शकतो, सुका चारा तुंबलेला असू शकतो, जंत असू शकतात किंवा आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. डॉक्टरला रात्री तातडीने बोलावण्याचे हे घोड्यांमधले सर्वांत नेहमीचे कारण आहे.

सुरुवातीची खूण बहुतेक वेळा एकच असते: घोडा रातीब सोडतो. तोबरा बांधला तरी तोंड घालत नाही. मग तो पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, मागच्या पायाने पोटाला लाथ मारायला जातो, वरचा ओठ उलटा करतो, लघवीला उभे राहिल्यासारखा ताणतो. दुखणे वाढले की तो वारंवार बसतो, उठतो, लोळतो आणि घामाने भिजतो. लीद कमी होते किंवा थांबते.

एक लक्षण फसवे असते. तासन्‌तास लोळणारा घोडा अचानक शांत झाला, खाली मान घालून उभा राहिला, त्याचे कान आणि पाय थंड लागू लागले आणि नाडी मात्र जोरात धावत असली, तर तो बरा झालेला नसतो. पिळलेल्या आतड्याचा तो भाग मेला असण्याची किंवा जठर फुटले असण्याची शक्यता असते.

डॉक्टर येईपर्यंत काय करावे?

मोतद्दाराने किंवा मालकाने फोनवर चार आकडे सांगितले तर डॉक्टरचे निम्मे काम होते.

- नाडी: जबड्याच्या हाडाखालून जाणाऱ्या रक्तवाहिनीवर बोट ठेवून मोजतात. शांत उभ्या घोड्यात मिनिटाला २८ ते ४४. साठच्या वर असेल तर गंभीर, ऐंशीच्या वर असेल तर फारच गंभीर.
- श्वास: कुशीची हालचाल पाहून मोजतात. मिनिटाला ८ ते १६.
- तापमान: गुदद्वारात थर्मामीटर ठेवून पाहतात. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट.
- हिरड्या: ओल्या आणि फिकट गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. विटकरी, जांभळट किंवा पांढऱ्या हिरड्या हा धोक्याचा इशारा आहे.

याशिवाय शेवटची लीद कधी झाली, चारा किंवा खुराक बदलला होता का, पाणी किती प्यायला आणि घरचे कोणते औषध दिले, हेही सांगावे.

समोरचा दाणा आणि चारा काढून घ्यावा. लोळताना डोके किंवा पाय आपटून इजा होईल अशा वस्तू बाजूला कराव्यात. घोडा चालायला तयार असेल तर त्याला सावकाश दहा-पंधरा मिनिटे फिरवायला हरकत नाही. रात्रभर दमेपर्यंत चालवत ठेवण्याने फायदा होत नाही. घोडा शांत पडून असेल तर त्याला पडू द्यावे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. बांबूच्या नळीने किंवा बाटलीने तेल, काढा किंवा सोड्याचे पाणी घोड्याच्या तोंडात ओतू नये. बैलाला जसे औषध पाजतात तसे घोड्याला पाजायला गेले की ते सहज श्वासनलिकेत जाते. पोटशुळातून वाचलेला घोडा मग फुफ्फुसाच्या दाहाने मरू शकतो.

वेदनाशामक इंजेक्शनही डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नये. त्याने दुखणे झाकले जाते, पीळ तसाच राहतो आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. शिवाय ही औषधे पुन्हा पुन्हा दिल्यास जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. तबेल्यातल्या जुन्या डब्यात डायक्लोफिनॅक सापडले तर ते वापरू नये. गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात २००६ पासून बंदी आहे.

डॉक्टर तबेल्यात काय तपासतात?

पहिली दहा मिनिटे बघण्यात आणि ऐकण्यात जातात. कुशीच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, स्टेथोस्कोप लावून आतड्याचा आवाज ऐकला जातो. निरोगी घोड्याच्या पोटात सतत गुरगुर असते. सगळीकडे शांतता असेल तर काळजीचे कारण असते.

यानंतरची महत्त्वाची पायरी म्हणजे नाकातून जठरात नळी घालणे. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून डॉक्टर नळीने ते काम करतात. आतून दोन लिटरपेक्षा जास्त द्रव आपोआप परत आला तर लहान आतडे अडले असण्याची शक्यता वाढते. ही पायरी तपासणीही आहे आणि उपचारही, कारण फुगलेले जठर रिकामे झाले की घोड्याला लगेच आराम पडतो. द्रव परत येत नसेल आणि चारा तुंबल्याचा संशय असेल तर त्याच नळीतून पाणी, क्षार किंवा खनिज तेल दिले जाते.

गुदद्वारातून हात घालून मोठ्या आतड्याचा मागचा भाग चाचपला जातो. तुंबलेला चारा, फुगलेले आतडे किंवा जागा सोडून गेलेला भाग अनुभवी हाताला कळतो. ही तपासणी घोड्याला गुंगीचे औषध देऊन आणि आधार लावून केली जाते, कारण आतड्याला चीर पडली तर तीच जीवघेणी ठरते. पोटाच्या खालच्या बाजूने सुई घालून पोटातले पाणीही तपासता येते. ते स्वच्छ पिवळसर असेल तर बरे, लालसर किंवा गढूळ असेल तर आतडे खराब होऊ लागले आहे.

पोटशुळाचे बरेचसे घोडे या पायरीवर, म्हणजे तबेल्यातच, औषधाने आणि पाण्याने बरे होतात. उरलेल्यांचे काय करायचे हा निर्णय इथेच घ्यावा लागतो. औषध देऊनही दुखणे परत येत असेल, नाडी चढत असेल, नळीतून द्रव येतच असेल किंवा पोटातले पाणी लाल असेल, तर घोडा रुग्णालयात हलवायला हवा. तो ताबडतोब हलवायला हवा, कारण पिळलेल्या आतड्याला रक्त मिळत नाही आणि काही तासांत ते मरते.

घोडा रुग्णालयात कसा न्यावा?

निघण्यापूर्वी डॉक्टर नळीने जठर रिकामे करतात. लांबचा प्रवास असेल तर नळी नाकात बांधून ठेवली जाते. टेम्पोला चढण्यासाठी फळी किंवा उतार हवा. तळाला वाळू, पेंढा किंवा रबराची चटई हवी, म्हणजे खूर घसरत नाहीत. डोके खूप आखूड बांधू नये, पण घोडा वळून फिरेल इतके सैलही नको. ओळखीचा मोतद्दार सोबत असावा. मुंबईत दिवसा निघायचे झाले तर उकाडा आणि वाहतूक कोंडी यांचा विचार करून पाणी सोबत घ्यावे आणि रुग्णालयाला आधी फोन करावा. औषधाचा हिशेब वजनावर होत असल्याने घोड्याचे वजन माहीत असणे उपयोगी पडते. काटा नसेल तर फितीने काम भागते. पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि ११,८७७ ने भागावे. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर वजन सुमारे ३१२ किलो येते.

मोठ्या जनावरांच्या रुग्णालयात काय होते?

मोठ्या जनावरांसाठी सुसज्ज रुग्णालयात सर्वांत आधी शिरेतून सलाईन सुरू होते. माणसाला एक-दोन बाटल्या पुरतात, घोड्याला एका दिवसात चाळीस-पन्नास लिटर लागू शकतात. सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि दर तासाला नाडीची नोंद चालू राहते. घोडा आडव्या-उभ्या खांबांच्या मजबूत चौकटीत उभा करतात. इंग्रजीतून आलेला 'ट्रेव्हिस' हा शब्द त्यासाठी रुळला आहे.

शस्त्रक्रिया करायची तर पूर्ण भूल लागते आणि घोड्याला भूल देणे हीच मोठी जोखीम असते. पोटशूळ नसलेल्या, एरवी निरोगी घोड्यांतही भूल दिल्यावर शंभरात साधारण एक घोडा दगावतो, असे युरोपातल्या मोठ्या पाहणीत आढळले. कुत्र्यांमध्ये हे प्रमाण कितीतरी कमी आहे. आधी गुंगीचे औषध, मग भूल, मग क्रेनने उचलून जाड गाद्यांच्या टेबलावर पाठीवर झोपवणे आणि पोट मध्यरेषेवर उघडणे असा क्रम असतो. पिळलेले आतडे सोडवले जाते आणि मेलेला भाग कापून उरलेली टोके जोडली जातात.

त्यानंतरचा सर्वांत नाजूक क्षण म्हणजे जाग येणे. अर्धवट शुद्धीत घोडा उठायची घाई करतो आणि पडून पाय मोडून घेऊ शकतो. म्हणून चारही भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत, अंधारात आणि शांततेत, डोक्याला आणि शेपटीला दोर बांधून त्याला सावकाश उठवले जाते.

अशी सगळी सोय भारतात मोजक्या ठिकाणी आहे आणि तिचा खर्च एका सामान्य घोडेवाल्याला झेपेल असा नसतो. त्यामुळे जोगेश्वरीतल्या घोड्यासाठी खरी संधी शस्त्रक्रियेच्या आधीच्या तासांत असते. दुखणे लवकर ओळखले, नळी वेळेत घातली, पाणी वेळेत दिले, तर पोट उघडण्याची वेळ बहुतेकदा येत नाही.

पाय मोडला तर घोडा का वाचत नाही?

अमेरिकेतल्या बार्बारो या शर्यतीच्या घोड्याचे उदाहरण बोलके आहे. २० मे २००६ रोजी शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटर या मोठ्या रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मोडलेले हाड बऱ्याच अंशी जुळूनही आले. पण भार दुसऱ्या पायांवर गेल्याने त्यांच्या खुरांना 'लॅमिनायटिस' झाला. आठ महिन्यांच्या उपचारानंतर २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण द्यावे लागले.

खुराची भिंत आतल्या हाडाला असंख्य बारीक पापुद्र्यांनी जोडलेली असते. त्यांना सूज आली की जोड सुटतो आणि हाड खुरात खाली सरकते. हा आजार पाय मोडल्यावरच होतो असे नाही. घोड्याने दाण्याचे पोते फोडून भरपूर खाल्ले, डांबरी रस्त्यावर फार धावला किंवा तापाच्या आजारातून उठला, तरी होऊ शकतो. घोडा पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतो, चालायला नकार देतो, खूर गरम लागतात आणि खुराच्या वरची नाडी ठणकताना बोटाला जाणवते. पहिल्या दोन दिवसांत खूर बर्फाच्या पाण्यात ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि उपयोगी उपाय आहे. मुंबईत मासळी बाजारामुळे बर्फ कुठेही मिळतो.

कोणते आजार एका तबेल्यातून दुसऱ्यात जातात?

वरातीसाठी घोडा एका उपनगरातून दुसऱ्यात जातो, जत्रेत जातो, सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून विकत आणला जातो. त्यामुळे नवीन घोडा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवणे हा पहिला नियम आहे.

'ग्लँडर्स' हा यातला सर्वांत गंभीर आजार. नाकातून घट्ट शेंबूड, नाकात व्रण आणि पायांवर फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे आहेत. तो माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. भारतात त्यासाठी १८९९ मध्येच स्वतंत्र कायदा झाला होता. त्याची जागा आता २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याने घेतली आहे. २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत या आजाराने पुन्हा डोके वर काढले. संशय आल्यास पशुसंवर्धन विभागाला कळवणे बंधनकारक आहे. रक्ताच्या नमुन्याची पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. आजार निश्चित झाल्यावर उपचार केले जात नाहीत, घोडा मारावा लागतो. म्हणूनच अनेक मालक लक्षणे लपवतात आणि त्याची किंमत शेजारचे घोडे व स्वतः मोतद्दार मोजतात.

'सरा' गोमाश्यांमुळे पसरतो आणि पावसाळ्यात व त्यानंतर वाढतो. येणारा-जाणारा ताप, खंगत जाणे, पायांवर आणि पोटाखाली सूज ही त्याची लक्षणे आहेत. वेळेत ओळखला तर त्यावर औषध आहे. जवळच म्हशींचे गोठे असतील तर जास्त सावध राहावे लागते, कारण म्हशीत हा परजीवी फारशी लक्षणे न दाखवता राहू शकतो.

धनुर्वाताला घोडा इतर बहुतेक जनावरांपेक्षा लवकर बळी पडतो. खुरात गेलेला एक खिळा त्याला पुरतो. दरवर्षीची लस हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. भटक्या कुत्र्यांच्या शहरात रेबीजची लसही तितकीच आवश्यक आहे.

दयामरणाचा निर्णय कधी?

आतडे फुटले आहे, हाड अनेक ठिकाणी मोडून बाहेर आले आहे, किंवा घोडा उठू शकत नाही आणि वेदना औषधाने थांबत नाहीत, अशा वेळी डॉक्टर दयामरण सुचवतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, ज्या जनावराला जिवंत ठेवणे हेच क्रौर्य ठरेल त्याची यातनेतून सुटका करण्याची तरतूद आहे. घोड्याच्या कमाईवर घर चालत असेल तर हा निर्णय मालकासाठी दुहेरी आघात असतो. 'अजून दोन दिवस बघू' हे वाक्य अशा वेळी सहज तोंडात येते. ते दोन दिवस घोडा कसे काढणार आहे, हे डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगणे आणि मालकाने ते विचारणे गरजेचे असते.

वर्षभराची काळजी

पोटशूळ आणि खुराचे आजार यांचा मोठा भाग टाळता येतो. त्यासाठी लागणारी यादी लांब नाही.

- चारा थोडा थोडा, दिवसातून अनेकदा द्यावा. खुराक बदलायचा तर आठवडाभरात हळूहळू बदलावा.
- पिण्याचे स्वच्छ पाणी सतत समोर असावे. पाणी कमी आणि सुका चारा जास्त झाला की आतडे तुंबते.
- चारा वाळूत किंवा कचऱ्याजवळ टाकू नये. वाळू आणि प्लास्टिक आतड्यात साठते.
- दर चार ते सहा आठवड्यांनी नालबंदाकडून नाल काढून खूर कापून घ्यावेत. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतात.
- वर्षातून एकदा दात तपासावेत. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि कडेला धारदार टोके तयार होतात. ती कानशीने घासावी लागतात. चावता न आलेला चारा पोटशुळाला आमंत्रण देतो.
- जंताचे औषध लीद तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.
- डॉक्टर, नालबंद, टेम्पोवाला आणि रुग्णालय यांचे क्रमांक तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. घोड्याची नेहमीची नाडी आणि तापमानही तिथेच लिहावे.

घोड्यांच्या डॉक्टरला जुन्या काळी 'सालोत्री' म्हणत. अश्ववैद्यकाचे आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्रांच्या नावावरून तो शब्द आला. गाव आणि पागा तिथे सालोत्री असे. आजच्या मुंबईत तो हाकेच्या अंतरावर नाही. त्यामुळे रात्री अकराला घोड्याने तोबरा नाकारला, तर ते सर्वांत आधी मोतद्दाराच्या लक्षात यावे लागते. नाडी मोजून त्याने तेव्हाच फोन केला, तर डॉक्टरला आणि रुग्णालयाला काही करण्याइतका वेळ मिळतो.